केडगाव ते मिरज : दुष्काळी रेल्वेमार्गावरचे पाच दिवस

दौंड–मनमाड रेल्वेमार्ग 1878 मध्ये सुरू झाला तो दुष्काळाने होरपळलेल्या मुलखातून. आजही खिडकीशी बसलं की दौंड सोडल्यावर हिरवळ विरळ होत जाते, काळी-तांबडी जमीन उघडी पडते आणि स्टेशनांमधलं अंतर वाढल्यासारखं वाटतं. याच मार्गाच्या आजूबाजूला मराठी ख्रिस्ती समाजाचा बराचसा इतिहास घडला. बहुतेक वेळा तो कुठल्या ना कुठल्या संकटातून घडला. दुष्काळ, प्लेग, वैधव्य, घरातून तुटणं, पाठोपाठ मृत्यू.

घरात कुणी गेलंय, नोकरी सुटलीय किंवा आजाराने माणूस खचलंय, अशा वेळी 'श्रद्धा ठेव' हे सगळेच सांगतात. ती ठेवायची कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. या वाटेवर ते बघायला मिळतं, कारण इथल्या माणसांनी श्रद्धा विहिरीत, धान्याच्या हिशोबात, छापखान्यात आणि दवाखान्यात राबवली. चमत्काराच्या अपेक्षेने येणाऱ्याची मात्र निराशा होईल.

प्रवास सप्टेंबरात करावा. महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, यात्रा भरते, म्हणून गुरुवारी पुण्याहून निघायचं. मुंबईकरांनी बुधवारी रात्रीच पुणं गाठलेलं बरं.

पहिला दिवस, गुरुवार : केडगाव

आधी एक सावधगिरी. केडगाव दोन आहेत. एक दौंड तालुक्यातलं, दुसरं नगर शहराला लागून असलेलं. गुगल मॅपवर नुसतं 'केडगाव' टाकलं तर कुठलं समोर येईल याचा नेम नाही. आपल्याला जायचंय ते दौंड तालुक्यातलं, पुण्यापासून साठेक किलोमीटरवरचं. पुणे–दौंड पॅसेंजर इथे थांबते. लांब पल्ल्याच्या गाड्या सहसा थांबत नाहीत, त्यामुळे एक्स्प्रेसचं तिकीट काढून दौंडला उतरायचं आणि मागे यायचं असला द्राविडी प्राणायाम करू नये. रस्त्याने यायचं तर पुणे–सोलापूर महामार्गावर चौफुल्याला उतरून डावीकडे वळायचं. वाटेत गुऱ्हाळं लागतात, हवेत काकवीचा वास असतो. स्थानिक माणसाला 'मुक्ती मिशन' म्हणून विचारावं. पंडिता रमाबाईंनी निराधार मुली-स्त्रियांसाठी उभारलेली ही संस्था. नुसतं 'केडगावचं देवस्थान' म्हटलं तर तो नारायण महाराजांच्या बेटाकडे पाठवील, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसेल.

मुक्ती मिशन हे प्रेक्षणीय स्थळ नाही. तिथे आजही मुली आणि स्त्रिया राहतात. म्हणून आठवडाभर आधी कार्यालयाशी बोलून, किती माणसं येणार आणि किती वेळ थांबणार ते कळवावं. न कळवता रविवारी गाडी भरून येणारे लोक फाटकावरूनच परत जातात आणि मग चडफडतात. मुलींचे फोटो काढायचे नाहीत. हा संस्थेचा लहरी नियम नाही. संरक्षणाखाली असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यानेच बंदी आहे. देणगी द्यायची असेल तर पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी, नाहीतर काय लागतं ते विचारून धान्य न्यावं. जुन्या कपड्यांची बोचकी नेऊ नयेत. ती निवडण्यातच तिथल्या बायकांचा दिवस जातो.

आता पंडिता रमाबाई. त्यांचं आयुष्य नुसत्या सनावळीने वाचलं तरी दम लागतो. जन्म 1858. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले, पाठोपाठ बहीण. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, आणि 1882 च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने तेही गेले. त्या वेळी रमाबाई 23 वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही झालेली नव्हती.

1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे वाचणारा हमखास गृहीत धरतो की बाप्तिस्मा झाला आणि मनाला शांती मिळाली. रमाबाईंनी स्वतः तसं लिहिलेलं नाही. ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त सापडायला पुढे आठेक वर्षं गेली, असं त्यांनी आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, सांगितलंय. संकटात देवाकडे वळलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात काही जाणवलं नाही तर तो स्वतःलाच खोटा ठरवू लागतो. त्याने ही आठ वर्षं ध्यानात ठेवावीत.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. 1893 मध्ये मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात म्हणून पुण्यात वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेप घेणाऱ्यांचीही बाजू होती. विधवांच्या शिक्षणासाठी मदत मागताना धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याची हमी दिली होती, आणि आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करणं त्या हमीत बसतं का, हा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. श्रद्धेची गोष्ट सांगताना हा भाग गाळला की ती गोष्ट गुळगुळीत होते.

केडगावची जमीन घेतली होती फळबागेसाठी. सदनाचा खर्च बागेच्या उत्पन्नातून निघावा, एवढाच मूळ बेत. मग 1896 चा दुष्काळ आला. स्वतःच्या घरच्यांना दुष्काळात मरताना पाहिलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि तिथून शेकडो मुली घेऊन आली. 1897 मध्ये पुण्यात प्लेग पसरला. दाटीवाटीच्या सदनात आणखी मुली ठेवायला सरकारी परवानगी मिळेना, म्हणून मुलींना केडगावच्या उघड्या माळावर आणलं. 'मुक्ती'ची सुरुवात अशी अडचणीतून झाली. 1899–1900 च्या दुष्काळात गुजरात-राजपुताना भागातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

हा आकडा जरा हातात घेऊन बघावा. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं तरी दिवसाला दहा क्विंटल होतं. महिन्याला तीनशे. त्यावर पाणी, सरपण, अंथरुण, उवा, खरूज, जुलाब. उपाशी पोटाला एकदम भरपेट जेवण दिलं तर माणूस दगावतो, म्हणून आधी पेज, मग पातळ भात, मग भाकरी, असं चढत जावं लागतं. दोन हजार माणसांचं हे सगळं सांभाळणाऱ्या बाईंना रोजच्या प्रार्थनेला वेळ कसा मिळायचा, असं विचारलं जातं. तिथे प्रार्थना कामातून वेळ काढून होत नव्हती, घंटेवर होत होती. घंटा झाली की सगळ्यांनी यायचं, मन लागो न लागो. शोकात पडलेल्या माणसाच्या हातून पहिली गोष्ट निसटते ती दिवसाचा क्रम. उठण्याची, जेवण्याची, झोपण्याची वेळ. ती बाहेरून कुणीतरी बांधून दिली की पुढचं हळूहळू सुरू होतं.

विहिरी खणल्या, माग लावले, दूधदुभतं, शेती, शिवण सुरू केलं. आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन निघालं, त्यांना मनोरमा ब्रेल शिकवायची. कृपा सदनात फसवल्या गेलेल्या स्त्रिया राहायच्या. 1905 मध्ये इथे प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली रात्र-रात्र रडत, गात प्रार्थना करायच्या. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल पंथाच्या जगभरच्या इतिहासात तिचा उल्लेख असतो, आणि केडगावला येणारे परदेशी पाहुणे त्याच्याबद्दलच विचारतात. आमच्या मते त्याहून बघण्यासारखी गोष्ट छापखान्याची आहे.

रमाबाईंनी सबंध पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, मराठी भाषांतर केलं, खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत. त्यासाठी उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई इथेच, आणि अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या होत्या आश्रमातल्याच मुली-बायका. मराठीचे खिळे जुळवणं इंग्रजीपेक्षा कितीतरी किचकट. मुळाक्षरं वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या, रफार वेगळा. सगळं उलट्या आरशातलं. एक खिळा चुकला की ओळ सोडवायची, पुन्हा बसवायची, पुन्हा प्रूफ काढायचं. दुष्काळातून उचलून आणलेली, अक्षरओळख नसलेली पोर या कामाला बसवायची म्हणजे आधी तिला वाचायला शिकवणं आलं. हे काम वर्षानुवर्षं चाललं.

1921 मध्ये मनोरमा गेली. वारस म्हणून तयार केलेली एकुलती एक मुलगी. रमाबाईंना त्यानंतर वर्षही मिळालं नाही. उरलेल्या महिन्यांत त्यांनी शास्त्राची शेवटची प्रुफं तपासत आणली आणि 5 एप्रिल 1922 ला केडगावातच देह ठेवला. छापील ग्रंथ बाहेर पडला 1924 मध्ये. त्यांची कबर आवारातच आहे. तिथे दोन मिनिटं थांबावं, पण फुलांचा ढीग घालू नये.

केडगाव बघायला तीन तास पुरतात. संध्याकाळी नगरला सरकावं. दौंडला गाडी बदलताना घोटाळा होतो तो असा : पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आता दौंड जंक्शनात न शिरता दौंड कॉर्ड लाइन या वेगळ्या स्टेशनावर थांबतात. केडगावची पॅसेंजर जंक्शनावर सोडते. दोन्हींच्या मधे रिक्षा करावी लागते, म्हणून तासाभराची सवड ठेवावी. दौंड ते नगर 84 किलोमीटर.

रात्री झोपण्यापूर्वी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 13 वं स्तोत्र वाचावं. सहाच ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. देवाला जाब विचारणं शास्त्रातच आहे, हे पुष्कळ जन्मजात ख्रिस्ती माणसांनाही ठाऊक नसतं. त्यांना लहानपणापासून फक्त सांत्वनाचं 23 वं पाठ करवलेलं असतं.

दुसरा दिवस, शुक्रवार : नगर

शहराचं सरकारी नाव आता अहिल्यानगर, बोलण्यात नगरच. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले 1813 मध्ये, नगरला 1831 मध्ये. इथली पहिली मंडळी, म्हणजे प्रोटेस्टंट चर्च, 1833 ची. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथूनच 1842 मध्ये निघालं. सावित्रीबाई फुले अध्यापनाचं शिक्षण घ्यायला आल्या त्या नगरलाच, मिस फरार यांच्याकडे. एवढा इतिहास असलेल्या शहरात त्याची पाटी मात्र शोधावी लागते.

ह्यूम मेमोरियल चर्च रिक्षावाल्यांना ठाऊक असतं. शुक्रवारी ते बंद असण्याची शक्यता जास्त, म्हणून पाळकसाहेबांशी आधी बोलून ठेवावं. रॉबर्ट ह्यूम हे भायखळ्यात जन्मलेले अमेरिकन. दुष्काळातल्या मदतकार्यासाठी त्यांना सरकारने पदक दिलं. त्या दुष्काळांत नगर जिल्ह्यातली पुष्कळ महार आणि मांग कुटुंबं ख्रिस्ती झाली, आणि 'पोटासाठी बाटले' हा टोमणा त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी आजपर्यंत ऐकलाय. टोमणा मारणाऱ्यांना एवढंच विचारावं की पाणवठ्यावर चढू न देणाऱ्या गावात भूक आणि अपमान वेगळे काढायचे कसे. दुष्काळ संपल्यावर, मदतीची खिचडी बंद झाल्यावरही ही कुटुंबं रविवारी उपासनेला येत राहिली. गावकीचा हक्क गेला, पोरं शाळेत गेली.

नगरचं दुसरं नाव कवी नारायण वामन टिळक. जन्म 1861, कोकणातलं करजगाव. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन माणसाने त्यांच्या हातात बायबलमधला नवा करार ठेवला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं डोंगरावरचं प्रवचन त्यांनी वाचलं आणि ते पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. ही त्यांची आनंदाची तारीख, आणि पत्नी लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातला आकाश कोसळण्याचा दिवस. पदरात लहान मुलगा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, सगेसोयरे सांत्वनाला येणारे. काही वर्षं त्या नातेवाइकांकडे, पंढरपुरात राहिल्या. मग नगरला आल्या, तरी आधी सोवळं-ओवळं सांभाळून वेगळ्या. पाच वर्षांनी, 1900 मध्ये, त्यांनी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी ओढून नेलं नाही, हे इथे महत्त्वाचं. घरातल्या एकाची श्रद्धा दुसऱ्यावर संकट होऊन कोसळू शकते. नव्याने विश्वास धरलेल्यांना पाळकांनी पहिल्यांदा हेच सांगायला हवं. घरच्यांना वेळ द्या, आणि देवघरातल्या मूर्ती तावातावाने हलवू नका.

टिळकांनी मराठी मंडळीला अभंग आणि ओवी परत मिळवून दिली. तोवर चर्चमध्ये विलायती चालींवर बसवलेली भाषांतरं गायली जायची. मराठी माणसाचं दुःख त्या चालींतून बाहेर पडेना. आज 'उपासना संगीत' हे मंडळीचं गीतपुस्तक उघडलं की पानोपानी टिळक भेटतात, जोडीला नगरचेच कीर्तनकार कृष्णराव सांगळे. शुक्रवारी संध्याकाळी नगरमध्ये कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असतेच. ओळखीने गेलं तर ते ऐकायला मिळतं. पेटी, ढोलकी किंवा मृदंग, टाळ. चप्पल दाराशी काढायची, बायका-पुरुष सतरंजीवर. 'सलाम' म्हणून हात मिळवतात. क्रम साधारण असा असतो : दोन-तीन गीतं, शास्त्रवाचन, साक्ष, मग विनंत्या. विनंती सांगताना थोडक्यात सांगावी. 'आईचं मंगळवारी ऑपरेशन आहे' इतकं पुरे. सगळं रामायण सांगत बसलं की मागच्या सहा जणांना वेळ उरत नाही, आणि घरातली भांडणं दुसऱ्या दिवशी गल्लीभर होतात. नाव न सांगताही विनंती देता येते.

अशा सभेचा खरा उपयोग सभेनंतर कळतो. जिच्या घरी मयत झालीय तिच्याकडे पुढचे आठ दिवस डबा कुणी द्यायचा, हे चहा पिता-पिता ठरतं. डबा थांबला की मंडळी ढिली पडलीय असं खुशाल समजावं.

टिळक 9 मे 1919 ला गेले. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य त्यांच्या हातून दहाच्या आसपास अध्यायांपर्यंतच झालं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे बहुतेक सगळे अध्याय रचले.

वेळ उरला तर बूथ हॉस्पिटल बाहेरून बघून घ्यावं. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचं हे रुग्णालय विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नगरात आहे. एचआयव्हीच्या रुग्णांना दारात उभं करत नसत त्या काळात इथे त्यांची सेवा झाली, आणि 2020 मध्ये कोविडच्या रुग्णांसाठीही दारं उघडी राहिली.

आजचं वाचन 22 वं स्तोत्र. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेले शब्द या स्तोत्राची पहिली ओळ आहेत. देवाने माझा त्याग का केला, असा प्रश्न खुद्द ख्रिस्ताने केला. दुःखी माणसाला 'असं बोलू नये, पाप लागतं' म्हणून गप्प करणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसं आहे.

तिसरा दिवस, शनिवार : राहुरीवरून हरेगाव

राहुरी वाटेवर आहे. टिळकांचं बिऱ्हाड काही वर्षं इथे होतं. आता थांबून बघण्यासारखं फार नाही, पुढे निघावं.

हरेगावसाठी रेल्वेने उतरायचं स्टेशन म्हणजे बेलापूर, आणि हे बेलापूर म्हणजे श्रीरामपूर शहर. नवी मुंबईच्या बेलापूरशी याचा काही संबंध नाही. ऑनलाइन तिकीट काढताना हे दरवर्षी कुणाचं तरी चुकतं. स्टेशनापासून हरेगाव दहाएक किलोमीटर. यात्रेला एसटी जादा गाड्या सोडते, जीप-रिक्षाही असतात. स्वतःची गाडी नेली तर गावाच्या अलीकडेच लावावी लागते. वाहनतळ बहुतेक शेतात असतो. सप्टेंबरात पाऊस झालेला असला तर काळ्या मातीत चाकं रुततात आणि ट्रॅक्टरवाला मागेल ते पैसे मोजावे लागतात. डांबरी सडकेच्या कडेला जागा मिळाली तर दोन किलोमीटर चाललेलं परवडतं.

यात्रा 1949 पासून भरते. जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांनी सुरू केलेली, आता नाशिक धर्मप्रांताकडे. संत तेरेजा चर्चच्या आवारात मतमाउलीची मूर्ती असते. 8 सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस, त्याला धरून यात्रा. आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची ठरलेली प्रार्थना. नगर, नाशिक, संभाजीनगर, जालना, पुणे, मुंबई, सगळीकडून माणसं येतात, कित्येक पदयात्रा करत. सगळे ख्रिस्ती नसतात. नवस फेडायला आलेली हिंदू कुटुंबं रांगेत तितक्याच भक्तीने उभी असतात. नगर जिल्ह्यात एकाच आडनावाची दोन घरं, एक कॅथलिक आणि दुसरं मंडळीवालं, असं सर्रास दिसतं. कोणत्या मिशनने कोणता तालुका आधी गाठला यावर ते ठरलं. मंडळीवाले म्हणतात मध्यस्थ फक्त ख्रिस्त. कॅथलिक म्हणतात आम्ही मरियेची पूजा करत नाही, तिला आमच्यासाठी विनंती करायला सांगतो. हा वाद पाचशे वर्षं जुना आहे, रांगेत उभं राहून मिटणार नाही.

गर्दीचा कळस शनिवारी संध्याकाळपासून रविवारी दुपारपर्यंत. म्हाताऱ्यांना किंवा आजाऱ्यांना आणायचं तर शुक्रवारी वा सोमवारी सकाळी आणावं. माणशी दोन लिटर पाणी, सुकी भाकरी-चटणी, प्लास्टिकचा मोठा कागद (अंथरायलाही, पांघरायलाही), टॉर्च, रोजची औषधं. फोनला रेंज मिळत नाही, म्हणून भेटायची जागा आधीच ठरवावी आणि लहान मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी. मेणबत्ती रांगेत पेटवू नये. पुढच्या बाईचा पदर किंवा ओढणी पेटायला क्षण लागत नाही. लावायच्या जागी पोचल्यावरच पेटवावी.

रात्री माळरानावर घोळक्या-घोळक्याने जपमाळ चालते. ती कशी म्हणतात हे न माहीत असलेल्यांसाठी : माळेत 59 मणी असतात. क्रूसापाशी श्रद्धेचा स्वीकार. मग पहिल्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, पुढच्या तीन मण्यांवर 'नमो मरिये'. त्यानंतर पाच दशकं. प्रत्येक दशकात एक प्रभूची प्रार्थना, दहा 'नमो मरिये' आणि शेवटी पित्याचा, पुत्राचा, पवित्र आत्म्याचा गौरव. प्रत्येक दशकाला ख्रिस्ताच्या जीवनातल्या एका घटनेचं मनन. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं.

याचा फायदा व्यावहारिक आहे. आघात झालेल्या माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत. डोकं एकाच जागी गरगरतं, रात्री तीनला जाग येते. अशा वेळी तयार शब्द तोंडात आणि मणी बोटात असला की श्वासाला लय येते. बिघडतं कुठे, तर भराभर उरकण्यात. एकजण अर्धं म्हणतो तोवर उरलेले पुढचं सुरू करतात. पहिला भाग म्हणणाऱ्याने संपवल्याशिवाय दुसऱ्यांनी उत्तर द्यायचं नाही, एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ.

नोव्हेना घरी करणाऱ्यांसाठीही थोडं सांगायला हवं. नऊ दिवस, एकच वेळ, एकच विनंती. वेळ स्वयंपाक चढवायच्या आधीची धरावी, रात्री उशिराची धरली की चौथ्या दिवशी झोप जिंकते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू करावं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचा हट्ट धरणारे सहसा अर्ध्यावर सोडतात. आणि नऊ दिवसांनी मागितलेलं मिळालंच पाहिजे, हा हिशोब चर्चच्या शिकवणीत कुठेही नाही. 'अमुक प्रती वाटल्या नाहीत तर संकट येईल' असं छापलेले कागद यात्रेत हातात पडतात. ते सरळ फाडून टाकावेत, कुठलाही फादर हेच सांगेल.

चौथा दिवस, रविवार : हरेगाव

सकाळची मोठी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, उघड्यावर, मराठीत, बिशप आणि अनेक फादर वेदीवर. सावली हवी तर तासभर आधी जागा धरावी. रविवारी वाचनं तीन, मधे स्तोत्र, मग प्रवचन. ख्रिस्तप्रसाद बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनीच घ्यायचा असतो. इतरांनी जागेवर बसून राहिलं तर कुणी वावगं मानत नाही. रेट्यात रांगेत ओढले गेलात तर छातीशी हात आडवे धरावेत, फादर आशीर्वाद देतात.

आडोशाला फादर पापनिवेदनाला बसलेले असतात. वर्षानुवर्षं न गेलेले लोक इथे जातात, कारण गावातला फादर ओळखतो आणि इथला ओळखत नाही. रांग मोठी असते तेव्हा दोन मिनिटांत उरकतं. ज्याच्या मनावर जुनं ओझं आहे, आत्महत्येचे विचार येतायत, दारू सुटत नाही, त्याने इथे घाई न करता आपल्या भागातल्या फादरची वेगळी वेळ मागावी. शिवाय 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा, टेलीमानसचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. प्रार्थना करणाऱ्याने डॉक्टरकडे गेलं तर श्रद्धा कमी पडली, असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नये. का, ते उद्या मिरजेत कळतं.

दुपारपासून परतीची गर्दी उसळते, रस्ता तासन् तास तुंबतो. संध्याकाळपर्यंत थांबून मग श्रीरामपूरला यावं. वाचायचं 88 वं स्तोत्र. हे असं की ज्याच्या शेवटी उजेड येत नाही, शेवटचा शब्द अंधाराचा. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांनी ते तसंच ठेवलं.

मिरजेला थेट जाते ती महाराष्ट्र एक्स्प्रेस, 11040, गोंदियाहून कोल्हापूरला. बेलापूरला ती मध्यरात्र उलटल्यावर येते. म्हणजे रविवारी रात्री बसायचं असलं तरी तिकीट सोमवारच्या तारखेचं हवं. ही चूक झाली की टीसी उतरवून देतो आणि यात्रेच्या दिवसांत दुसरं आरक्षण मिळत नाही. वेळ आदल्या दिवशी तपासून घ्यावी.

पाचवा दिवस, सोमवार : मिरज

दुपारच्या आत मिरज येतं. स्टेशनाबाहेर ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याकडे जाणारे लोक, गल्लीत तंबोरे घडवणारे कारागीर, आणि चारी दिशांना दवाखान्यांच्या पाट्या. या पाट्यांचं मूळ एका माणसापाशी जातं. विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये मिरजेत मिशनचं रुग्णालय उघडलं. मग इथे डॉक्टर आणि परिचारिका तयार झाल्या, त्यांतल्या कित्येकांनी शेजारीच स्वतःचे दवाखाने थाटले. कर्नाटकातूनही रुग्ण मिरजेला का येतात याचं उत्तर हे.

शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करण्याचा इथला रिवाज होता. प्रार्थना झाली की हात धुवायचे, हत्यारं उकळायची, मग चाकू. यातलं एकही पाऊल गाळायचं नाही. 'फक्त तेल लावून प्रार्थना करा, इन्सुलिन बंद करा' असं सांगणारे हल्ली सभांमधून भेटतात. त्यांच्या नादी लागून पाय गमावलेले मधुमेही कुठल्याही सर्जनने पाहिलेले असतात. वॉनलेस यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या रुग्णालयात हे कुणी बोललं असतं तर बहुधा त्याला बाहेरची वाट दाखवली असती.

सांगली आणि मिरजेच्या मधे वॉनलेसवाडी, क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाची जागा. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला 1943 मध्ये. त्याआधी क्षयावर औषध नव्हतंच. मोकळी हवा, अंथरुणावर सक्तीची विश्रांती, दूध-अंडी, रोजचं ताप मोजणं आणि महिनोन् महिने वाट पाहणं, एवढाच उपचार. काही बरे होत, पुष्कळ होत नसत, आणि तरी रोज सकाळी ताप मोजला जायचा. कुष्ठरोग्यांसाठीही मिशनने वेगळं रुग्णालय चालवलं, ज्यांना गाव शिवत नव्हतं त्यांच्या जखमा रोज धुऊन बांधायला.

केडगावची मनोरमा शेवटी उपचारासाठी आली ती याच मिरजेत, आणि 1921 मध्ये इथेच गेली. चांगलं रुग्णालय होतं, चांगले डॉक्टर होते, आईची प्रार्थना होती. तिकडे केडगावात छापखाना थांबला नाही.

मिरजेत मुक्काम करायची गरज नाही. रुग्णालयांची जुनी आवारं बाहेरूनच बघावीत. वॉर्डात डोकावणं बरं नव्हे, आणि संस्थांची आजची स्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही. चर्चमध्ये जायचं तर संध्याकाळी पाचनंतर, तेव्हा कुणीतरी असतं. पुण्याला परतायला रात्रीच्या गाड्या भरपूर, सातारामार्गे सहा-सात तास. मुंबईला जाणाऱ्यांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसचं आरक्षण निघण्याआधीच करून ठेवावं. सोमवारी ती क्वचितच रिकामी मिळते.